विश्लेषण : गिटारच्या पिकअपवर नवे प्रयोग का होत आहेत? चुंबकांच्या टंचाईशी त्याचा काय संबंध?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली जी आयताकृती पट्टी दिसते, तिला पिकअप म्हणतात. आत चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, एवढाच त्याचा संसार. १९३०च्या दशकात ठरलेला हा ढाचा आजही बहुसंख्य गिटारींमध्ये जवळपास तसाच आहे. दरम्यान टेलिफोन, कॅमेरा, टीव्ही आतून पूर्ण बदलले. पिकअप बदलण्याचे प्रयत्नही भरपूर झाले, पण त्यातले थोडेच टिकले. २०२५मध्ये कोबाल्ट आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर आलेल्या बंधनांमुळे चुंबक हा जागतिक राजकारणाचा विषय झाला. दुसरीकडे गिटार ॲम्प्लिफायरऐवजी थेट लॅपटॉप आणि मोबाइलला जोडली जाऊ लागली आहे. या दोन बदलांमुळे पिकअपच्या वेगळ्या रचनांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. त्याविषयी…

पिकअप नेमके काय करतो?

शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियम इथे कामाला येतो. चुंबकामुळे त्याच्यावरची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबकित होते. ती छेडली की कंप पावते, त्यामुळे खालच्या कॉइलमधले चुंबकीय क्षेत्र त्याच लयीत बदलते आणि कॉइलमध्ये अगदी लहान विद्युतदाब निर्माण होतो. हाच सिग्नल केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जातो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो तारेची हालचाल ओळखतो. म्हणूनच पितळ किंवा नायलॉनच्या तारेवर तो काम करत नाही.

सिग्नल पुरेसा मिळावा म्हणून कॉइलला खूप वेढे द्यावे लागतात. एका नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये सुमारे आठ हजार वेढे असतात. तार ४२ गेजची, म्हणजे जाडी साधारण ०.०६ मिलिमीटर, केसाएवढी. अशा कॉइलचा रोध सुमारे ६ हजार ओहम भरतो. या तारेचा रोध मीटरमागे साधारण साडेपाच ओहम असतो. म्हणजे हिशेबाने बोटभर लांबीच्या पट्टीत १ किलोमीटरहून थोडी जास्त तार बसलेली असते.

पहिला पिकअप कुठे तयार झाला?

अमेरिकेतले हवाईयन गिटारवादक जॉर्ज बोशां यांना मोठ्या वाद्यवृंदात आपली गिटार ऐकू येत नाही, ही अडचण होती. त्यांनी ग्रामोफोनचा पिकअप सुटा करून प्रयोग सुरू केले आणि १९३१मध्ये अॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साथीने ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली गिटार उभी केली. तिच्या पिकअपमध्ये तारांना कवेत घेणारे दोन नालाकृती चुंबक होते. १९३४मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला, ते मिळायला १९३७ उजाडले.

पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार ही अशी मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे हिंदी चित्रपटगीतांच्या धुनांतून जो आवाज घराघरांत पोहोचला, त्याचे मूळ या प्रयोगात आहे.

या रचनेत दोष कोणते?

पहिला दोष प्रत्येक ऑर्केस्ट्रावाल्याला माहीत असतो. गणेशोत्सवाचा मंच असो की कॉलेजचे गॅदरिंग, गिटारवादकाने तार छेडली नसली तरी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहतो. हजारो वेढ्यांची कॉइल ही एक प्रकारची अँटेनाच असते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आसपासचे ट्रान्सफॉर्मर, डिमर, एलईडी दिव्यांचे पॉवर सप्लाय यांचा गोंगाट ती उचलते.

यावर उपाय निघाला तो १९५०च्या दशकात. गिब्सन कंपनीचे अभियंते सेथ लव्हर यांनी दोन कॉइल शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या चुंबकांचे ध्रुव आणि वाइंडिंगची दिशा परस्परविरुद्ध ठेवली. तारेचा सिग्नल दोन्ही कॉइलमध्ये एकाच दिशेने येतो आणि त्याची बेरीज होते. बाहेरून आलेला गोंगाट मात्र परस्परविरुद्ध दिशेने येतो आणि वजा होतो. हाच १९५७मध्ये बाजारात आलेला ‘हमबकर’. हम म्हणजे घुमणारा आवाज, तो झुगारून देणारा.

दुसरा दोष कमी ऐकू येतो, पण महत्त्वाचा आहे. इतके वेढे दिले की कॉइलचे इंडक्टन्स वाढते. ते आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक फिल्टर तयार होतो. कॉइल २.५ हेन्रीची आणि केबलसह एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरली, तर सुमारे ४ हजार हर्ट्झवर रेझोनन्स येतो. तिथे आवाजाला उठाव मिळतो आणि त्याच्या वर सिग्नल झपाट्याने घटतो. माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू शकतो. तारेतून निघालेल्या वरच्या स्वरांशांचा मोठा भाग असा पिकअपमध्येच गळून जातो.

चुंबकाचा प्रश्न आताच का आला?

पिकअपमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा चुंबक म्हणजे ॲल्निको. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले, त्यात लोखंडही असते. ‘ॲल्निको ५’ या लोकप्रिय प्रकारात जवळपास २४ टक्के कोबाल्ट असते. जगातले ७० टक्क्यांहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येते. दर कोसळल्यामुळे या देशाने फेब्रुवारी २०२५मध्ये कोबाल्टची निर्यात थांबवली, पुढे बंदी वाढवली आणि ऑक्टोबरपासून कोटा पद्धत लागू केली. वर्षभरात कोबाल्टचा दर दुपटीहून अधिक झाला.

दुसरीकडे चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला. त्यात सॅमेरियम, डिस्प्रोसियम, टर्बियम यांचा समावेश होता. सॅमेरियम-कोबाल्ट चुंबक त्यात थेट सापडले. निओडिमियम त्या यादीत नव्हते, पण उष्णता सहन करणाऱ्या निओडिमियम चुंबकांत डिस्प्रोसियम किंवा टर्बियम लागते, त्यामुळे तेही अडकले. भारतातील वाहन उद्योगालाही याची झळ बसली.

ॲल्निकोमध्ये एकही दुर्मीळ मृदा मूलद्रव्य नसते. त्यामुळे चीनच्या या बंधनांचा त्याच्याशी थेट संबंध नाही. त्याचा धागा काँगोच्या कोबाल्टशी जोडलेला आहे.

मग पिकअप महागणार का?

थोडा हिशेब करून पाहू. पाच मिलिमीटर व्यासाच्या आणि १७ मिलिमीटर उंचीच्या सहा ॲल्निको कांड्यांचे वजन साधारण १५ ग्रॅम भरते. त्यात कोबाल्ट साडेतीन ग्रॅमच्या आसपास. कोबाल्टचा दर टनाला ५० हजार डॉलर धरला तरी एका पिकअपमधल्या कोबाल्टची किंमत सुमारे १५ रुपये होते. त्यामुळे ‘कोबाल्ट महागले, म्हणून पिकअप महागला’ असे कुणी सांगितले तर ते पूर्ण खरे मानू नये.

खरी अडचण किमतीपेक्षा रांगेतल्या जागेची आहे. एका विजेवरच्या मोटारीच्या निकेल-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीत काही किलो कोबाल्ट लागते. संरक्षण सामग्री, विमानांची इंजिने, मोटारी हे मोठे ग्राहक आहेत. महिन्याला काही किलो चुंबक घेणारा पिकअप बनवणारा कारागीर या रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो. मोठा ग्राहक दुसऱ्या सामग्रीकडे वळला की जुना मिश्रधातू बनवणे कारखान्याला परवडत नाही, आणि शेवटच्या माणसाला तो मिळेनासा होतो. गिटारच्या इतिहासात हे एकदा घडलेले आहे.

कोणत्या चुंबकाच्या बाबतीत असे घडले?

सेथ लव्हर १९६७मध्ये गिब्सन सोडून फेंडरकडे गेले. तिथे त्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘वाइड रेंज’ हा हमबकर तयार केला. त्यांना प्रत्येक तारेखाली उंची कमी-जास्त करता येणारा चुंबकी स्क्रू हवा होता. ॲल्निको कडक आणि ठिसूळ असतो, त्यावर आटे पाडता येत नाहीत. म्हणून त्यांनी तांबे, निकेल आणि लोखंड यांचा ‘क्युनिफे’ हा मिश्रधातू निवडला. तो यंत्रावर कापता येतो. मोटारींच्या वेगमापकांसारख्या उपकरणांत त्याचा वापर होत असे.

मोठे ग्राहक दुसऱ्या चुंबकांकडे वळले, क्युनिफे मिळणे अवघड झाले आणि हा पिकअप दशकाच्या अखेरीस बंद पडला. पुढे त्याच्या ज्या प्रतिकृती आल्या, त्यांत वरचे कव्हर तसेच होते, पण आत नेहमीच्या रचनेचा हमबकर होता. दिसायला तोच, आवाजाला निराळा. क्युनिफे असलेला पिकअप फेंडरने पुन्हा आणला तो थेट २०२०मध्ये. म्हणजे एक आवाज चार दशके बाजारातून गायब होता आणि त्याचे कारण संगीताशी संबंधित नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक बदल झाला. १९७८मध्ये तेव्हाच्या झाईरेमधील, म्हणजे आजच्या काँगोतील, शाबा प्रांतात बंडखोर घुसले. खाणकाम विस्कळीत झाले आणि कोबाल्टचे दर भडकले. त्यानंतर स्पीकर बनवणाऱ्या कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर ॲल्निको सोडून फेराइट म्हणजे सिरॅमिक चुंबक स्वीकारले. ते आजतागायत टिकून आहेत.

जास्त ताकदीचा चुंबक लावला तर?

नवशिक्या प्रयोगकर्त्याला सुचणारी ही पहिली कल्पना असते. निओडिमियम चुंबक ॲल्निकोच्या कितीतरी पट ताकदवान असतो, मग आवाजही तेवढाच वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात चुंबक तारेला स्वतःकडे ओढू लागतो. कंपन मोकळेपणाने होत नाही, सूर लवकर विरतो आणि एकाच तारेतून दोन किंचित वेगळे स्वर आल्यासारखी थरथर ऐकू येते. गिटार दुरुस्त करणारे याला गमतीने ‘स्ट्रॅटायटिस’ म्हणतात. नेहमीचे पिकअपही तारांच्या फार जवळ आणले की हाच त्रास होतो. त्यामुळे निओडिमियम वापरायचा झाला तर तो लहान आकाराचा किंवा तारेपासून लांब ठेवावा लागतो.

चुंबकांची मांडणीही महत्त्वाची ठरते. क्वीन बँडचे ब्रायन मे यांनी १९६०च्या दशकात वडिलांसोबत घरीच ‘रेड स्पेशल’ ही गिटार बनवली. पिकअपही त्यांनी बाजारात मिळणारे बटणासारखे चुंबक घेऊन स्वतः गुंडाळले. आवाज चांगला आला, पण तार ताणून सूर चढवताना ती आडवी सरकली की ध्रुवांच्या मांडणीमुळे विचित्र आवाज येई. शेवटी त्यांनी बर्न्स कंपनीचे तयार पिकअप विकत घेऊन बसवले. पुढे जगभर गाजलेल्या गिटारमधला घरगुती पिकअपचा प्रयोग असा फसला होता.

फेंडरनेही २००४मध्ये बिल लॉरेन्स यांच्या रचनेचे सॅमेरियम-कोबाल्ट पिकअप आपल्या महागड्या गिटारींत दिले. ते शांत होते, हम नव्हता. पण काही वर्षांतच त्या मालिकेत ॲल्निकोचे पिकअप परत आले.

तांब्याची तार कमी केली तर?

इंडक्टन्स हे वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेढे एक दशांश केले की इंडक्टन्स एक शतांश होते आणि आधी ४ हजार हर्ट्झवर असलेला रेझोनन्स ४० हजारांच्या आसपास, कानाच्या टप्प्याबाहेर जातो. केबल कितीही लांब असली तरी आवाज दबत नाही. किंमत एकच : सिग्नलही दहापट कमी होतो. तो वाढवायला ट्रान्सफॉर्मर किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट लागते. यालाच लो इम्पीडन्स पिकअप म्हणतात.

गिटारवादक लेस पॉल याच मताचे होते. त्यांच्या आग्रहामुळे गिब्सनने १९६९पासून लो इम्पीडन्स पिकअपच्या गिटारी बाजारात आणल्या. ध्वनिमुद्रणासाठी त्या उत्तम होत्या, पण फारशा खपल्या नाहीत. याउलट १९७६मध्ये रॉब टर्नर यांनी सुरू केलेल्या ईएमजी कंपनीने कमी वेढ्यांच्या कॉइलसोबत पिकअपमध्येच प्रीॲम्प बसवला, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी जोडली, आणि हेवी मेटल संगीतात तो आवाज प्रमाण मानला जाऊ लागला. मेटालिकाचे जेम्स हेटफिल्ड हे त्याचे ठळक उदाहरण.

अलीकडच्या दोन रचना याच दिशेने आणखी पुढे जातात. लेस कंपनीच्या ‘ॲल्युमिटोन’मध्ये पिकअपची ॲल्युमिनियमची चौकटच एका वेढ्याच्या कॉइलचे काम करते आणि शेजारची छोटी कॉइल ट्रान्सफॉर्मरसारखा सिग्नल वाढवते. तांबे अगदी कमी लागते. फिशमनच्या ‘फ्लुएन्स’मध्ये, जो २०१४मध्ये आला, गुंडाळलेली तारच नाही. मोबाइलच्या सर्किट बोर्डावर असतात तशा छापील तांब्याच्या रेषांचे अनेक थर एकावर एक रचून कॉइल तयार केलेली आहे. हाताने गुंडाळलेल्या दोन कॉइल कधीच तंतोतंत सारख्या नसतात, छापलेल्या मात्र असतात. पुढचे स्वररूप सर्किट ठरवते, त्यामुळे एकाच पिकअपमधून बटण दाबून दोन स्वभाव मिळतात.

चुंबकाशिवाय पिकअप शक्य आहे का?

आहे. पिझो पिकअप ब्रिजखाली बसतो आणि तारेचा दाब विजेत बदलतो. तार कोणत्याही धातूची किंवा नायलॉनची असली तरी चालते. आपल्या वाद्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. सतारीची बाजाची तार पोलादी असते, पण जोडाच्या तारा काशाच्या किंवा तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. गिटारचा पिकअप सतारीखाली लावला तर काही तारा ऐकू येतील आणि काही जवळपास गप्प राहतील. म्हणूनच १९६०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या कोरल इलेक्ट्रिक सतारीत गिटारच्याच पोलादी तारा आहेत. आपल्याकडे सतारवादक नीलाद्री कुमार यांनी तारांची संख्या कमी करून आणि पिकअप बसवून ‘झिटार’ घडवली, ती याच सीमारेषेवरची.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. ऑप्टिकल पिकअपमध्ये तारेच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदक असतो. तार हलली की तिची सावली हलते आणि तोच सिग्नल. चुंबकाची ओढ नाही, हम नाही. पण बॅटरी लागते आणि बाहेरचा प्रकाश अडवावा लागतो.

तिसरी दिशा म्हणजे प्रत्येक तारेला स्वतंत्र पिकअप. रोलँडने १९७७मध्ये आणलेल्या गिटार सिंथेसायझरमध्ये ही कल्पना होती. फिलिपिन्समधील जोएल दे गुझमान यांच्या सिक्फी रिसर्चचे ‘न्यू’ पिकअप आज हेच काम लहान, सक्रिय कॉइल वापरून करतात. सहाही तारा संगणकात वेगवेगळ्या आल्या की प्रत्येकीवर वेगळा परिणाम देता येतो.

इतके प्रयोग होऊनही जुनाच पिकअप का टिकला?

कारण पिकअप एकटा नसतो. गिटार ॲम्प्लिफायरमधला बारा इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवतच नाही. पिकअपने वरचे स्वरांश कितीही जपले तरी ते श्रोत्यापर्यंत पोहोचत नाहीत. उलट ॲम्प्लिफायर ओव्हरड्राइव्ह झाला की ते कर्कश वाटतात. पिकअप, केबल, व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि कागदी कोनचा स्पीकर यांचे दोष एकमेकांना पूरक ठरले आणि त्या जोडणीतून निघालेला आवाज म्हणजेच ‘गिटारचा आवाज’ असे कान शिकले. गेल्या सात दशकांची रॉक, पॉप आणि चित्रपटगीते त्याच आवाजात आहेत.

वर पाहिलेल्या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. जे प्रयोग फक्त ‘अधिक स्वच्छ आवाज’ देत होते, ते मागे पडले. जे नव्या संगीताच्या गरजेला उपयोगी पडले, ते टिकले. १९७२मध्ये लॅरी डिमार्झिओ यांनी स्वस्त समजला जाणारा सिरॅमिक चुंबक वापरून ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा जोरकस पिकअप बनवला. हार्ड रॉकला नेमका तोच दणका हवा होता. ईएमजीचे मेटलशी असेच जमले. लेस पॉल यांच्या गिटारी तांत्रिकदृष्ट्या उजव्या होत्या, पण त्या आवाजाची वाट पाहणारे संगीत तेव्हा नव्हते.

आता परिस्थिती वेगळी कशी?

अनेक तरुण गिटारवादकांच्या घरात आज ॲम्प्लिफायर नाही. गिटार यूएसबी इंटरफेसला, इंटरफेस लॅपटॉप किंवा मोबाइलला, आणि कानाला हेडफोन. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची नक्कल सॉफ्टवेअर करते. वरचे स्वरांश कापायचे की ठेवायचे, हे आता स्पीकरच्या कागदी कोनऐवजी वादक ठरवू शकतो. गळून गेलेले स्वरांश नंतर परत आणता येत नाहीत, जास्तीचे कापणे मात्र सोपे असते. त्यामुळे लो इम्पीडन्स, प्रत्येक तारेचा स्वतंत्र आणि ऑप्टिकल पिकअप यांना पूर्वी नव्हती ती संधी आज आहे.

एक व्यावहारिक बाब. नेहमीचा पिकअप साध्या अडॅप्टरने थेट मोबाइलच्या माइक इनपुटला जोडला की आवाज दबका येतो. त्या इनपुटचा इम्पीडन्स काही हजार ओहमचा असतो, पिकअपला मात्र सुमारे १० लाख ओहमचा लागतो. दोष गिटारमध्ये नसतो. इंटरफेसवरचे ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण त्यासाठीच असते. बॅटरीवर चालणाऱ्या सक्रिय पिकअपला ही अडचण फारशी येत नाही.

घरी प्रयोग करायचा असेल तर?

हजारो वेढे गुंडाळायची गरज नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या २४ व्होल्टच्या लहान रिलेमध्ये बारीक तारेची तयार कॉइल असते. रिलेला वीज जोडायची नाही. तिचे हलणारे पाते काढून कॉइलच्या गाभ्याच्या मागे छोटा फेराइट चुंबक चिकटवायचा, कॉइलची दोन टोके गिटारच्या जॅकला जोडायची आणि ती एखाद्या पोलादी तारेखाली धरायची. आवाज क्षीण येईल, हमही येईल. मग तशीच दुसरी कॉइल घेऊन तिचा चुंबक उलटा लावायचा आणि तिची टोके उलटी जोडायची. हम घटला की हमबकरचे तत्त्व कानाने कळते.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी. ॲम्प्लिफायरचा आवाज आधी अगदी कमी ठेवावा. आणि निओडिमियमचे छोटे चुंबक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. एकाहून अधिक गिळले गेले तर ते आतड्यांतून एकमेकांना चिकटून जीवघेणी इजा करू शकतात.

पुढे काय?

चीनने ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलेली वाढीव बंधने नोव्हेंबरमध्ये वर्षभरासाठी स्थगित केली, एप्रिलची परवाना पद्धत मात्र कायम राहिली. काँगोचा कोबाल्ट कोटा २०२६ आणि २०२७ या वर्षांसाठीही ठरलेला आहे. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५मध्ये दुर्मीळ मृदा चुंबकांच्या देशांतर्गत उत्पादनासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वार्षिक ६ हजार टनांचे उद्दिष्ट ठेवून. ती विजेवरची वाहने, पवनचक्क्या, संरक्षण यांच्यासाठी आहे. ॲल्निको त्यात येत नाही, त्यामुळे पिकअप बनवणाऱ्या छोट्या कारागिराला तिचा थेट लाभ नाही.

त्याच्यापुढे तीन पर्याय उरतात. कोबाल्ट नसलेले चुंबक वापरणे : फेराइट आहेच, शिवाय ‘ॲल्निको ३’ या प्रकारातही कोबाल्ट नसते आणि त्याचा मवाळ आवाज अनेकांना आवडतो. दुसरा पर्याय, लहान चुंबक आणि कमी तांबे लागणाऱ्या सक्रिय रचनांकडे वळणे. तिसरा, चुंबकच टाळणे. तिन्ही मार्ग तांत्रिकदृष्ट्या सिद्ध झालेले आहेत. क्युनिफेच्या वेळी पुरवठा थांबला आणि वादकाला जे मिळाले ते घ्यावे लागले. या वेळी पर्याय आधीपासून तयार आहेत. त्यातला कोणता टिकेल, हे त्यावर कोणते संगीत वाजवले जाते यावरूनच ठरेल.